नेपाळ : एका नोंदीची दुरुस्ती

२००५ सालच्या अखेरीस एका संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एकखंडी संदर्भकोश काढावयाचे ठरविले आणि शेजारी देशांच्या नोंदी वाटताना ‘नेपाळ’ आमच्या वाट्याला आला. आम्ही मराठीचे अध्यापक. भूगोलाशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपलेला. परंतु कोशाला आटोपशीर मराठी लागते आणि ती आम्हांस येते, असा संपादकांचा समज होता, आमचाही होता. दोन हजार शब्दांची नोंद, मुदत तीन महिने, मानधन सांगण्याजोगे नाही. वाईच्या मराठी विश्वकोशातील नोंद आम्ही काढली, काही इंग्रजी वार्षिके चाळली, ग्रंथालयात बसून टिपणे केली आणि मार्च २००६ मध्ये नोंद पाठवून दिली. तिचे पहिलेच वाक्य आम्हांला फार आवडले होते : ‘नेपाळ हे हिमालयाच्या दक्षिण उतारावरील, घटनात्मक राजेशाही असलेले जगातील एकमेव हिंदू राष्ट्र आहे.’ एका वाक्यात भूगोल, राज्यपद्धती आणि धर्म! पुढे काही लिहिले नसते तरी चालले असते, असे वाटण्याजोगे ते वाक्य होते.

एप्रिलमध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर माणसे उतरली. १ फेब्रुवारी २००५ रोजी सारी सत्ता स्वतःकडे घेतलेल्या राजे ज्ञानेंद्र यांना विसर्जित संसद पुन्हा बोलवावी लागली आणि १८ मे २००६ रोजी त्या संसदेने राजाचे अधिकार काढून घेतले, देश धर्मनिरपेक्ष असल्याचे जाहीर केले आणि ‘श्री ५ को सरकार’ या शतकानुशतकांच्या बिरुदाच्या जागी ‘नेपाळ सरकार’ असे साधे नाव ठेवले. जुलैत नोंदीचे पहिले मुद्रित आमच्या हाती आले तेव्हा आमच्या लाडक्या वाक्यातील हिमालयाचा दक्षिण उतार तेवढा शिल्लक होता. वास्तविक मार्चमध्येही ते वाक्य खरे नव्हते. राजाने संसद बाजूस सारल्याला तेव्हा वर्ष उलटून गेले होते. तिला ‘घटनात्मक राजेशाही’ म्हणणे ही आमची नव्हे, आमच्यापुढे असलेल्या छापील पानांची सवय होती. ती आम्ही न तपासता उचलली, एवढाच आमचा वाटा.

मुद्रणाला विलंब होत गेला आणि प्रत्येक मुद्रिताच्या वेळी देश आणखी थोडा पुढे सरकलेला असे. नोव्हेंबर २००६ मध्ये सर्वंकष शांतता करार झाला. यादवीचा जो परिच्छेद आम्ही वर्तमानकाळात लिहिला होता तो भूतकाळात न्यावा लागला. ऑगस्ट २००७ मध्ये राष्ट्रगीत बदलले. राजाचे स्तवन असलेले जुने गीत गेले आणि फुलांच्या माळेचे नवे आले. डिसेंबर २००७ मध्ये प्रजासत्ताकाचा निर्णय तत्त्वतः झाला, परंतु संविधानसभेच्या संमतीवर अवलंबून. हे ‘झाले पण व्हायचे आहे’ कोशाच्या मराठीत कसे बसवावे याचा आम्ही आठवडाभर घोळ घातला. अखेर २८ मे २००८ रोजी संविधानसभेने राजेशाही संपुष्टात आणली आणि आमची नोंदही त्याबरोबर मिटली. दिवाळीच्या सुमारास पुस्तक निघाले. त्या दिवशी त्यातील ‘नेपाळ’ अगदी बरोबर होता : संघीय होऊ घातलेले प्रजासत्ताक, पाच विकासक्षेत्रे, चौदा अंचले, पंचाहत्तर जिल्हे.

एका मुद्द्यावर मात्र संपादकांशी आमचा खटका उडाला. नोंदीच्या शेवटी ‘ही माहिती ऑगस्ट २००८ पर्यंतची आहे’ असे एक वाक्य आम्ही घातले होते. ते गाळले गेले. तारीख घातली की पुस्तक दोन वर्षांत शिळे दिसू लागते, ग्रंथालये घेत नाहीत, असे कारण सांगण्यात आले. शिळे दिसणे आणि शिळे असणे यांत फरक आहे, असे आम्ही पत्राने कळविले. उत्तर आले नाही, आणि आम्हीही मानधनाच्या धनादेशाबरोबर तो विषय सोडून दिला. पुढे जे घडले ते पाहता तेव्हा आम्ही अधिक हट्ट धरावयास हवा होता.

विद्यार्थ्यांना क्रियापदाचे काळ शिकविताना आपण ‘रीतिवर्तमान’ म्हणून काही शिकवितो. कोशाचा ‘आहे’ हा त्याहून निराळा प्राणी आहे. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ आणि ‘पंतप्रधान अमुक आहेत’ ही दोन विधाने तो एकाच सुरात करतो. देशविषयक नोंदीत तर दर ओळीचे आयुष्य वेगळे असते. नदीचा उगम शतकानुशतके टिकेल. लोकसंख्या दहा वर्षे, तीही मोजणीच्या दिवसापासून. मंत्रिमंडळ कदाचित पुढच्या पावसाळ्यापर्यंत. नेपाळचे घड्याळ १९८६ पासून ग्रिनिचच्या पाच तास पंचेचाळीस मिनिटे पुढे आहे, आणि ते तसेच राहील असे धरून चालता येते. परंतु त्याच परिच्छेदात, त्याच ‘आहे’ने, सरकारे येतात, आणि २००८ नंतर नेपाळमध्ये डझनाहून अधिक वेळा सरकारे बदलली. वाचकाला मात्र साऱ्या ओळी सारख्याच घट्ट वाटतात. टाइप एकच, शाई एकच.

हे दुखणे आपल्याकडे नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० ते १९२७ या काळात निघाले. ती वर्षे जगाचा नकाशा टांगणीला लागल्याची होती. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट झाले, त्याच वर्षाअखेर सोव्हिएट संघ झाला, १९२३ मध्ये उस्मानी साम्राज्याच्या अवशेषांतून तुर्की प्रजासत्ताक उभे राहिले. नेपाळपुरते बोलायचे तर १९२३ मध्ये ब्रिटिशांशी नवा तह होऊन त्याचे स्वातंत्र्य मान्य झाले आणि १९२४-२५ मध्ये राणा चंद्रशमशेर यांनी गुलामगिरी बंद केली. खंड छापखान्यात असताना देश असे हलत असत, आणि केतकर वर्गणीदारांचे पैसे, कर्ज व कंपनीचे व्यवहार सांभाळत पुढच्या अक्षराकडे चालले होते. मराठी विश्वकोशाची गती निराळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. ‘चेकोस्लोव्हाकिया’ ज्या खंडात छापला गेला तेव्हा तो देश होता. कोश संपला तेव्हा त्याचे दोन देश होऊन बावीस वर्षे झाली होती. वर्णानुक्रमाने निघणाऱ्या कोशात आरंभीच्या अक्षरांचे देश आधी म्हातारे होतात, ही एक गमतीची पण खरी गोष्ट. यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. नव्या विश्वकोशकारांनी ज्ञानमंडळे स्थापून जुन्या नोंदी अद्ययावत करण्याचे काम हाती घेतले, हेही आम्ही जाणतो. आमची तक्रार स्वभावाविषयी आहे. आपल्याकडे कोश ‘पूर्ण’ होतो, त्याचा प्रकाशनसमारंभ होतो, आणि पुढची आवृत्ती ही कल्पनाच जरा अमंगळ वाटते.

अद्ययावतपणाचेही एक भयंकर रूप असते, हे येथे नमूद करावयास हवे. १९५३ मध्ये सोव्हिएट गुप्तपोलिसांचा प्रमुख बेरिया मारला गेला. त्याच्यावरील भलीमोठी नोंद तोवर बृहत् सोव्हिएट विश्वकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापून वर्गणीदारांच्या घरी पोचली होती. तेव्हा वर्गणीदारांना नवी पाने पाठविण्यात आली, ‘बेरिंग समुद्र’ वगैरे विषयांची, आणि जुनी पाने कापून त्यांच्या जागी ती चिकटवावीत अशी सूचना. पाने अद्ययावत झाली. बेरिया नावाचा मनुष्य कधी होता, हे मात्र कोशातून गेले. नेपाळमध्ये राजाचे चित्र नोटांवरून गेले ते असे कापून गेले नाही. २००७ मध्ये नोटांवर राजाच्या जागी सगरमाथा आला, पण पहिल्या काही नोटांच्या कागदात राजाचे जलचिन्ह आधीच उमटलेले होते. तेव्हा त्या जागेवर गुरांसाचे लाल फूल छापले गेले. उजेडाकडे धरले की फुलाआडून राजा दिसतो. अशी एक नोट आम्हांला आमच्या बागेच्या राखणदारांनी दाखविली होती. आणि आता त्यांच्याविषयी सांगणे टाळता येत नाही.

आमचे मूळ घर देवगड तालुक्यात. वडिलांनी लावलेली शंभरेक हापूसची कलमे आहेत. तिकडच्या बागांतून गेली कित्येक वर्षे नेपाळी कुटुंबे राखणीला असतात. फवारणी, राखण, उतरणी, पेट्या भरणे, सारे तेच पाहतात. मोहोर येण्याच्या आधी येतात, बहुतेक जण पावसाच्या तोंडावर परततात, काही वर्षभर राहतात. सारा गाव त्यांना ‘गुरखे’ म्हणतो आणि प्रत्येक पुरुषाला ‘बहादूर’. गोरखा हे मध्य नेपाळातील एका जुन्या राज्याचे आणि आता एका जिल्ह्याचे नाव. पृथ्वीनारायण शाह तेथून निघाले आणि १७६८-६९ मध्ये त्यांनी काठमांडूचे खोरे जिंकले. आमच्या मांगरात राहणारे गृहस्थ तिथून कित्येक डोंगर पश्चिमेकडच्या रुकुमचे, जातीने मगर. नेपाळवर दोन हजार शब्द लिहून झाल्यानंतरही दहा वर्षे आम्ही त्यांना ‘बहादूर’च म्हणत होतो.

यादवीचा आरंभ १९९६ च्या फेब्रुवारीत ज्या जिल्ह्यांत झाला त्यांत रुकुम आणि रोल्पा होते. ते गाव सोडून आले ते त्याच काळात. मागाहून बायको आणि चार वर्षांची मुलगी आली. मुलगी आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मालवणी बोलू लागली, दहावी झाली, बारावी झाली. २०१८ च्या जूनमध्ये तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. नेपाळातील जन्मनोंदणीचा दाखला तेवढा हवा होता. घरी त्यांची म्हातारी आई, भाऊ मलेशियात. तेव्हा अर्ज लिहून टपालाने पाठवावा असे ठरले, आणि अर्ज लिहिणार कोण, तर सर. सरांनी नेपाळवर पुस्तकात लिहिले आहे, हे बागेत सर्वांना ठाऊक होते; आम्हीच ते ठाऊक करून दिले होते.

आम्ही कोश उघडला आणि पत्ता लिहिला : गाउँ विकास समिती, जिल्हा रुकुम, राप्ती अंचल. ते शेजारी उभे होते. चाचरत म्हणाले, ‘सर, सुनते हैं गाविस अब नहीं रहा. रुकुम भी दो हो गया.’ आम्ही पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणालो, ‘अहो, ऐकीव माहितीवर सरकारी कागद चालत नाहीत.’ त्यांनी पुस्तकाकडे पाहिले, मान डोलावली आणि पाकीट घेऊन पोस्टात गेले.

ते सांगत होते ते अक्षरशः खरे होते. २० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झालेल्या संविधानाने अंचले आणि विकासक्षेत्रे मागे पडून सात प्रदेश झाले. रुकुमचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन ते दोन निरनिराळ्या प्रदेशांत गेले. नवलपरासीचेही तसेच झाले, आणि पंचाहत्तर जिल्ह्यांचे सत्त्याहत्तर झाले. मार्च २०१७ मध्ये गाउँ विकास समित्या विसर्जित होऊन त्यांच्या जागी गाउँपालिका व नगरपालिका आल्या; महानगरपालिकांपासून गाउँपालिकांपर्यंत एकूण ७५३ स्थानिक पालिका. पूर्व रुकुमसारख्या अख्ख्या जिल्ह्यात अवघ्या तीन गाउँपालिका. म्हणजे ज्या कार्यालयाला आम्ही नोंदणीकृत डाकेने अर्ज पाठविला ते कार्यालय सव्वा वर्षापूर्वीच संपले होते, ते ज्या जिल्ह्यात होते तो जिल्हा दुभंगला होता आणि ज्या अंचलात होते ते अंचल इतिहासजमा झाले होते. पत्त्यातली एकही ओळ जिवंत नव्हती.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. प्रवेशाची मुदत संपली. दसैंला गावी गेलेल्या एका नातलगाने गाउँपालिकेत स्वतः उभे राहून दाखला काढला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो बागेत पोचला. कागदाच्या माथ्यावर छापले होते : पूर्व रुकुम, प्रदेश नं. ५. त्या हंगामात मुलीने आईबरोबर पेट्या भरल्या. पुढल्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. तिच्या वडिलांनी आम्हांला एका शब्दाने काही विचारले नाही. त्यांच्या लेखी चूक टपालाची होती.

आमच्या लेखी ती टपालाची नव्हती. नोंदीखाली तारीख असती तर? कदाचित आम्ही थबकलो असतो. कदाचित नसतोही, कारण स्वतः लिहिलेले छापील वाक्य आणि समोर उभ्या असलेल्या मनुष्याचे बोलणे यांत आम्ही छापील वाक्य निवडले, आणि तो मनुष्य त्या वाक्याच्या विषयातूनच आलेला होता. साहित्याच्या वर्गात ‘संहितेबाहेर काय असते’ यावर आम्ही तासचे तास घेतले आहेत.

त्या दिवाळीत आम्ही कोशाच्या आमच्या प्रतीत कागदाच्या पट्ट्या चिकटविण्यास आरंभ केला. मूळ ओळ खोडायची नाही, एवढा एक नियम. पट्टी बाजूला, वर तारीख, आणि माहिती कोठून मिळाली ते. पहिली पट्टी अर्थातच अंचलांच्या ओळीची. प्रदेशांना आधी नुसते क्रमांक होते. कर्णाली, गंडकी, सुदूरपश्चिम यांनी २०१८ मध्येच नावे घेतली, बागमती आणि लुंबिनी २०२० मध्ये, मधेश २०२२ मध्ये, आणि प्रदेश क्रमांक १ चा ‘कोशी’ झाला तो मार्च २०२३ मध्ये. म्हणजे सात नावांची एक ओळ पूर्ण होण्यास पाच वर्षे लागली. मधल्या काळातला कोणताही कोश उघडला तर त्यात अर्धी नावे आणि अर्धे आकडे असणार, आणि त्या त्या दिवशी तेच बरोबर असणार.

आकड्यांनी आम्हांला अधिक शहाणे केले. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेचा प्राथमिक आकडा जानेवारी २०२२ मध्ये आला, २,९१,९२,४८०. आम्ही तो उत्साहाने चिकटविला. मार्च २०२३ मध्ये अंतिम आकडा आला, २,९१,६४,५७८. सत्तावीस हजारांवर माणसे कमी! त्यानंतरही जुना आकडा आम्हांला ठिकठिकाणी भेटत राहिला, कारण बहुतेक जण पहिला आकडा उचलतात आणि दुसरा येतो हे त्यांना कळत नाही. याहून खोल गोष्ट अशी की परदेशी राहणारी माणसे या बेरजेत नाहीत. ती ‘अनुपस्थित’ म्हणून वेगळी नोंदली जातात. २०११ मध्ये ती सुमारे एकोणीस लाख होती, २०२१ मध्ये सुमारे बावीस लाख. आमच्या मांगरातले कुटुंब त्या बावीस लाखांत असले पाहिजे, घरच्या म्हातारीने मोजणीदाराला सांगितले असेल तर. इकडे भारतात २०२१ साली व्हायची जनगणना त्या वर्षी झालीच नाही.

सालांचाही एक फेरा असतो. नेपाळचे सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतात आणि तेथील वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होते. संविधान २०७२ च्या आश्विनातले. सत्तावन्न वजा करा, २०१५ येते. पण त्याच २०७२ च्या माघातली घटना असेल तर ती २०१६ मधली, आणि वजाबाकी छप्पन्नाची. आमच्याच मूळ नोंदीत अशा दोन चुका निघाल्या. त्या आमच्या अगोदरच्या एका पुस्तकातून आल्या होत्या, आणि आमच्यानंतरच्या निदान एका मार्गदर्शकात गेल्या आहेत. आमचे स्वल्पविरामसुद्धा तेथे जसेच्या तसे आहेत.

ज्या ओळी कधी बदलणार नाहीत असे वाटले होते त्याही हलल्या. सगरमाथ्याची उंची ८,८४८ मीटर, हे शाळेत पाठ केलेले. ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. क्षेत्रफळ १,४७,१८१ चौरस किलोमीटर. ते तर नोंदीचा पाया. २०२० मध्ये नेपाळने लिंपियाधुरा, कालापानी आणि लिपुलेख दाखविणारा नवा नकाशा संविधानात घातला आणि क्षेत्रफळ १,४७,५१६ झाले. भारताने ते मान्य केलेले नाही. जमीन इंचभरही हलली नव्हती. येथे दुरुस्ती म्हणजे जुना आकडा काढून नवा घालणे नव्हे. कोण कोणता आकडा म्हणतो आणि केव्हापासून, एवढेच लिहिता येते. ती पट्टी सर्वांत लांब झाली आहे आणि पानाबाहेर लोंबते.

धरहऱ्याची ओळ मात्र आम्हांला सर्वांत चमत्कारिक वाटते. ‘काठमांडूत धरहरा हा उंच मनोरा आहे’, असे आम्ही २००६ मध्ये लिहिले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो कोसळला; आत माणसे होती. सहा वर्षे ते वाक्य खोटे होते. एप्रिल २०२१ मध्ये त्याच जागी नव्या धरहऱ्याचे उद्घाटन झाले आणि वाक्य एका अक्षराचाही फरक न होता पुन्हा खरे झाले. मधल्या काळात कोणी कोश पाहिलाच नसेल तर त्याला काही घडल्याचा पत्ता लागणार नाही. जुना मनोराही १९३४ च्या भूकंपात पडून पुन्हा बांधलेला होता, हे आम्ही मूळ नोंदीत लिहिले असते तर वाक्य निदान अधिक सावध झाले असते.

साहित्याच्या परिच्छेदाविषयी काय सांगावे? तो आमचा हक्काचा विषय, आणि तोच सर्वांत जुना निघाला. भानुभक्त, मग लक्ष्मीप्रसाद देवकोटा, आणि तेथे पूर्णविराम. देवकोटा वारले १९५९ मध्ये. ‘शिरीषको फूल’ या कादंबरीसाठी मदन पुरस्कार मिळविणाऱ्या पहिल्या लेखिका पारिजात आमच्या नोंदीत नव्हत्या. ती कादंबरी आमच्या नोंदीपूर्वी चाळीस वर्षे प्रसिद्ध झालेली. नेपाळी ही १९९२ पासून आपल्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे आणि पारिजात यांचा जन्म दार्जिलिंगचा, म्हणजे ती वाट अर्धी आपल्याच अंगणातून जात होती. राज्यघटना बदलल्या की वर्तमानपत्रे कळवितात. कादंबरी नोंदीत नाही, हे कोणी कळवीत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन पेटले. ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी अंतरिम सरकारच्या प्रमुख म्हणून शपथ घेतली. नेपाळच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. ११ च्या रात्री एका जुन्या विद्यार्थ्याने दूरध्वनी करून विचारले, ‘सर, उद्या परीक्षा आहे, पंतप्रधान कोण लिहू?’ आम्ही म्हणालो, तारीख घालून लिही. तो हसला. बहुपर्यायी प्रश्नात तारीख घालण्यास जागा नसते, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. आमच्या पट्टीवर दोन्ही नावे आहेत आणि त्यांच्यापुढे दिवस लिहिलेले आहेत. पुढच्या नावांसाठी खाली जागा मोकळी ठेवली आहे.

परवा मे महिन्यात उतरणी आटोपल्यावर आम्ही ते पुस्तक मांगरात नेले आणि त्या गृहस्थांना, त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारून, पट्ट्या वाचून दाखविल्या. गाउँपालिकांच्या नावांत त्यांनी एक ऱ्हस्वदीर्घ सुधारला. नंतर ‘भाषा : नेपाळी’ या ओळीपाशी ते थांबले. तिच्या बाजूला पट्टी होती, २०११ मध्ये १२३ भाषा, २०२१ मध्ये १२४, आणि नेपाळी मातृभाषा असलेले सुमारे ४५ टक्के. ते म्हणाले, आईला नेपाळी नीट येत नाही, ती खाम बोलते. आणि तुमच्या पट्टीत खाम कुठे आहे? नव्हती. ती किती जण बोलतात, कोणत्या खोऱ्यांत बोलतात, हे ते सांगत गेले आणि आम्ही लिहीत गेलो. त्यांची मुलगी आता तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात काम करते. ती त्या दिवशी घरी आलेली होती. तिने मध्येच मालवणीत विचारले, ‘बाबांनी सांगल्यानी ता खराच कशावरना?’ आम्ही पेन ठेवले आणि पेन्सिल घेतली. ती पट्टी अजून पेन्सिलीतच आहे. तिच्याखाली तारीख आहे, आणि माहिती कोणी सांगितली त्या रकान्यात त्यांचे नाव.